साक्षीदाराच्या मागचे बाक

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. खानापूर तालुक्यातला तो खून मात्र अजून पाठ सोडत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, लोखंड ओतायच्या फौंड्रीत काम करणारा एक तरुण बांधाच्या वादातून मारला गेला होता. खबऱ्यानं सांगितलं, "सायेब, त्येच्या चुलतभावाचा कोयता दिसंना झालाय बगा." चुलतभावाला ठाण्यात आणलं. चहा पाजून आईची विचारपूस केली, तसा ढासळला आणि पेंढ्याच्या गंजीतून त्यानं कोयता काढून दिला. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि धुतलेल्या कोयत्यावर रक्त उरलं नव्हतं. सगळी भिस्त शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्यावर होती. त्यानं वार पाहिला होता.

तो म्हणाला, "सांगतो की. पर गाव माज्या मागं बसाय पायजे. चार माणसांत देवळाम्होरं बोलतो तसं. एकट्याची जीभ कवाबी फिरतीया."

साक्षीच्या दिवशी बेळगावच्या कोर्टात बंदोबस्त माझ्याकडे होता. आरोपीचे नातेवाईक वकिलांबरोबर लवकर आले. इस्त्रीचे कपडे, हळू बोलणं. त्यांना मी आत जाऊ दिलं. मग बसमधून गाव उतरलं, घामेजलेलं, मोठ्यानं बोलणारं. मला त्यात फक्त गोंधळ दिसला. मी दार अडवलं.

"बाहेर बसा. जज्जसाहेबांचा हुकूम हाय."

"बाकं तर रिकामी दिसत्यात की," मयताची बहीण म्हणाली.

"आक्का, मला कायदा शिकवू नका."

तसा कोणताही हुकूम नव्हता. खटला खुल्या कोर्टात चालला होता.

म्हातारा पिंजऱ्यात उभा राहिला. त्यानं वळून पाहिलं. बाकांवर फक्त आरोपीची माणसं होती. सरकारी वकिलांनी फिरवून फिरवून विचारलं. त्याचं एकच उत्तर, "मला काय म्हाईत न्हाय."

तो फितूर ठरला. पुढं आरोपी सुटला.

त्या दिवशी बाहेर आल्यावर झाडाखालचं गाव पाहून म्हातारा जागीच थबकला.

"आलतासा व्हय रं? मला वाटलं, कुणीच आलं न्हाय."

गाव उठून बसकडे चालू लागलं.

गर्दी हटवणं म्हणजेच बंदोबस्त, असं मी समजत होतो. कोर्टात लोकांनी बसणं ही पोलिसांनी द्यायची सवलत नव्हे. त्यांच्या आधारावर एखादा भित्रा माणूस खरं बोलतो. हे मला कळलं, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. गावानं म्हाताऱ्याशी बोलणं टाकलं. आपल्याला न्यायाधीशांनीच बाहेर ठेवलं, असं ते लोक अजून मानतात. खरं काय ते सांगायला मी अजून त्या गावी गेलेलो नाही.