झुंजार माचीचा सुभानजी

आमच्या नंदाचं ठरलेलं लग्न मी मोडलं, तेही भर साखरपुड्यात, मोठ्यानं वाचून. हेतू चांगला होता.

त्याचं असं झालं. आमचं आडनाव दिवटे, आणि मी भोरच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर. 'कुलदिवटा' हा विनोद मी पहिलीपासून ऐकत आलो होतो. नोकरीला लागल्यावर तो स्टाफरूममध्ये नव्यानं सुरू झाला. म्हटलं, दिवटी धरणारं घराणं म्हणजे काय साधं का? गडाबिडावर असणार! मूळ शोधायचंच. पण घरात नावं माहीत होती ती पणजोबांपर्यंत. त्यांच्या वर कोण, असं विचारलं की वडील म्हणायचे, "होतं की कुणीतरी! तू आधी गिरणीतनं दळण आण."

(आमच्या आळीत पहिला एसटीडी बूथ लागला त्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा पूर्वज घरबसल्या सापडत नसत. एसटीनं जाऊन आणावे लागत.)

कुणीतरी सांगितलं, वेल्ह्याला जा. तिथल्या बाजारात हॉटेलच्या बाकड्यावर एक अण्णा बसतात, तोरण्यावरची सगळी घराणी त्यांना तोंडपाठ. गेलो. पहिल्या चहाला अण्णांनी डोळे मिटले.

"दिवटे व्हय? तुमचा मूळ पुरुष सुभानजी. तोरण्यावर झुंजार माचीचा नाईक! लई दांडगा गडी."

दुसऱ्या चहाला त्यांनी सुभानजीपासून आमच्या खापरपणजोबांपर्यंतची सात नावं घडाघडा सांगितली.

"पण अण्णा, नाईकाचे दिवटे कसे झाले?"

"धाकल्या लेकानं गडावर दिवटी धरली न्हवं का! देवकबी तवाच बदललं."

मी शब्दन् शब्द वहीत उतरवला. मग दोन महिने खपून कापडावर वंशवृक्ष रंगवला. चांगला वडाचा, पारंब्यांसकट! बुंध्यात सुभानजी (मिशा मी पदरच्या दिल्या), आणि तळाशी बारीक अक्षरात टीप: 'देवक मागाहून बदलले.' अभ्यासू माणसाला टीप दिल्याशिवाय चैन पडत नाही!

नंदा माझी धाकटी बहीण. तिचं जमलं होतं आंबवड्याच्या कोठावळ्यांच्या विलासशी. आधीची तीन स्थळं तिनंच नाकारली होती. विलासचं नाव निघालं की मात्र आतल्या खोलीत जाऊन घड्या घातलेल्या कपड्यांच्या उगाच परत घड्या घालत बसायची. दोन्ही घरची देवकं वेगळी निघाली म्हणून पुढची बोलणी झाली होती. साखरपुड्याला मंडळी बसली, नारळ आला, पेढे आले. मी म्हणालो, "एक मिनिट हं," आणि कापड उलगडलं.

"आमचे मूळ पुरुष सुभानजी! तोरण्यावर..."

"...झुंजार माचीचे नाईक," विलासचे चुलते आबा हळूच म्हणाले.

"वा! तुम्हाला कसं माहीत?"

"आमचाबी मूळ पुरुष त्योच हाय, मास्तर."

पेढ्याकडे निघालेले हात तिथंच थांबले. मूळ पुरुष एक म्हणजे भावकी. भावकीत सोयरीक? नावच नको! वडील घाईघाईनं म्हणाले, "अहो, पण देवकं वेगळी आहेत की!" आबांनी चष्मा लावला, खाली वाकले आणि माझी टीप मोठ्यानं वाचली.

झालं! मंडळी उठली. जाता जाता त्यांच्यातली एक म्हातारी नंदाला म्हणाली, "राखी बांध गं बाई आता त्याला."

नंदा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, तुला जित्या बहिणीपेक्षा ही मेलेली माणसं जास्त लागतात का रे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आंबवड्याला जाऊन आबांचे पाय धरले. म्हटलं, वेल्ह्याला चला, एखादी फांदी चुकली असेल. आबा लगेच टोपी घालून निघाले. स्थळ त्यांनाही सोडवत नव्हतं. एसटीत आम्ही सुभानजीला मुलगे किती यावरून वाद घालत होतो, तोच कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"सुभानजी? झुंजार माचीचा? अवो, त्यो तर आमचा!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अण्णांनी. वेल्ह्याच्या."

"मलाबी त्यांनीच सांगितलं," आबा पुटपुटले. पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

अण्णा बाकड्यावरच होते. समोर चहा, आणि पलीकडं वही उघडून बसलेले एक अनोळखी गृहस्थ. "लई दांडगा गडी..." अण्णा सांगत होते.

"अण्णा!" मी ओरडलोच. "एका माणसाला वंशज असावेत तरी किती?"

अण्णा जराही बावरले नाहीत. "मास्तर, तुमी एवढ्या लांबनं यष्टीनं येता. माणूस आजा मागाया आला, तर त्याला न्हाई कसं म्हनायचं? रिकाम्या हातानं लावून दिऊ?"

"मग आमचा खरा मूळ पुरुष कोण?"

"म्हाईत न्हाई. पर आसंल की कुणीतरी. त्याबिगर तुमी हितं आलाय व्हय?"

आबा आधी लालबुंद झाले आणि मग असे हसत सुटले, की हॉटेलवाल्यानं पाणी आणून दिलं. (त्या गृहस्थांनी मात्र वही मिटली नाही. सुभानजी त्यांना पसंत पडला होता.)

लग्न थाटात झालं. पहिली पत्रिका अण्णांना गेली. वंशवृक्ष नंदानं पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडूनच लिहून घेतलं: 'चपला येथे काढाव्यात.' अक्षर झकास आलं होतं!

पुढं काही वर्षांनी अण्णा गेले. वेल्ह्याला गेलो की ते बाकडं बघून अजून गलबलतं. एवढ्या आपुलकीनं खोटं बोलणारा माणूस परत भेटला नाही. एकदा नंदाच्या मुलीला शाळेतून प्रकल्प मिळाला, आईकडची वंशावळ. ती वही घेऊन माझ्यासमोर बसली, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"दादा, त्या सुभानजीचं नाव काढलंस तर याद राख! आपल्या खापरपणजोबांपाशी, बाळोजींपाशी थांबायचं. ते तरी खरे!"

मी मुकाट्यानं 'बाळोजी' लिहिलं. आता हिला कोणत्या तोंडानं सांगू, की बाळोजीही अण्णांनीच दिले होते, दुसऱ्या चहाला!