वाचलेलं हरीण

श्रीपती खिल्लाऱ्यांच्या तोंडून शील घ्यायचं म्हणजे जिभेची परीक्षाच. विहारात पंचशील म्हणताना 'वेरमणी'चं कुणी 'वेरमनी' केलं, की ते तिथल्या तिथे थांबायचे, जोडलेले हात तसेच ठेवून त्या माणसाकडे बघायचे आणि म्हणायचे, "ण. बाणाचा ण." मग समोर सोसायटीचा चेअरमन असो नाहीतर बोहल्यावर उभा राहिलेला नवरदेव, सुटका नाही. एका लग्नात नवरीच्या मामाला त्यांनी इतक्या वेळा म्हणायला लावलं, की तिकडे पंगतीतला वरणभात निवून गेला म्हणतात. लोक मागून हसायचे. पण घरात बाळाचं नाव ठेवायचं असो, नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश असो, नाहीतर कुणी वारल्यावरचं पुण्यानुमोदन असो, बौद्धाचार्य म्हणून बोलावणं जायचं ते खिल्लारे काकांनाच. हा माणूस बोलतो तसाच वागतो, असं त्यांचं नाव होतं, आणि ते नाव खोटं नव्हतं. निदान त्या बुधवारपर्यंत तरी नव्हतं.

माणूस मूळ हिंगोलीकडचा. टेलिफोन खात्यात खांबांवर चढण्यापासून सुरुवात केली आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाला. चेंबूरची खोली विकून मीरा रोडला वन बीएचके घेतला, तिथेच बायको वैजयंताबाई, मुलगा रवी, सून पायल आणि दुसरीतली नात सान्वी. घरात मोठा आवाज फक्त एकाच गोष्टीला, खोटं बोललेलं पकडलं तर. गाडी रवीची. श्रीपती चालवायला शिकले निवृत्तीनंतर, आणि स्टिअरिंग असं आवळून धरायचे की रवी म्हणायचा, पप्पा, ते पळून जात नाही, जरा सैल सोडा.

तर त्या बुधवारी काय झालं, की मुक्कामाला आलेल्या मेहुणीला परभणीची गाडी गाठायची होती, म्हणून श्रीपती तिला पहाटे ठाण्याला सोडून आले. परत येताना उजाडलं होतं. गायमुख मागे पडलं, वरसावे यायचं होतं, दोन्ही बाजूंना जंगल, आणि रस्ता कधी नव्हे तो मोकळा. गाडीत भीमगीतं लागली होती. आवडीचं गाणं आलं म्हणून आवाज थोडा वाढवायला त्यांनी हात पुढे केला. नजर खाली गेली ती किती, डोळ्याची पापणी लवावी इतकीच. तेवढ्यात समोर काहीतरी तपकिरी उडालं आणि धाडकन आवाज झाला.

गाडी थांबली. बॉनेट मधोमध दबलं होतं, डावा दिवा फुटला होता, बंपर एका बाजूनं लोंबत होता. आणि रस्त्याच्या कडेला, मातीत, ते पडलं होतं. हरीण. अंगावर पांढरे ठिपके. पुढचे पाय टेकून ते उठायला बघत होतं, मागचे पाय ऐकत नव्हते. एकदा त्यानं मान वर केली आणि श्रीपतींकडे बघितलं.

आता माणसानं काय करायचं असतं? उतरायचं, जवळ जायचं, कुणाला तरी फोन करायचा. श्रीपतींना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं! उभी हयात टेलिफोन खात्यात गेली त्यांची. पण सकाळी बागेत बसणाऱ्या पेन्शनर मंडळींच्या गप्पा त्यांच्या डोक्यात घुमायला लागल्या. जंगलातल्या जनावराला धक्का लागला तर जामीनसुद्धा मिळत नाही, गाडी जप्त होते, अमक्याच्या साडूला तमकं झालं. खरं-खोटं कोण जाणे. मागून एक टेम्पो हॉर्न देत बाजूनं निघून गेला, आणि श्रीपतींची उरलीसुरली अक्कल त्याच्याबरोबर गेली. त्यांनी खिडकीची काच वर केली. काच का वर केली, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. आणि ते निघून आले.

खाली गाडी लावताना वैजयंताबाई गॅलरीतूनच बघत होत्या. चपला पायात सरकवून धावत खाली आल्या. श्रीपतींनी एवढंच सांगितलं, की हरीण आडवं आलं. त्यावर बाईंनी गाडीचं काही विचारलं नाही, पैशाचं विचारलं नाही. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई. लागलं का हो त्याला?"

त्यांच्या तोंडाकडे बघून श्रीपतींच्या तोंडून शब्द निघाला, "वाचलं."

एकच शब्द. पण खोट्याला पाय नसतात म्हणतात ते खोटं आहे, चांगले धडधाकट पाय असतात. वाचलं म्हटल्यावर कसं वाचलं ते सांगणं आलं. मग त्याला वाचवायला म्हणून गाडी वळवली, दुभाजकावर आदळली, ते टुणकन उडी मारून जंगलात पळालं, असं सगळं जोडीला आलं. वैजयंताबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून पाहिलं, तुम्हाला कुठं लागलं नाही ना म्हणाल्या, आणि वर जाऊन साखर जास्त घातलेला चहा केला.

दुपारपर्यंत मजल्यावर कळलं, संध्याकाळपर्यंत विंगमध्ये. बाईंचं तरी काय चुकलं? नवऱ्यानं स्वतःचा जीव धोक्यात घालून मुकं जनावर वाचवलं, हे कुणाला सांगावंसं वाटणार नाही? सान्वीनं चित्र काढलं. त्यात आबा हरणाच्या गळ्यात हात टाकून उभे होते, आणि मागे गाडीला रडकं तोंड होतं. ते चित्र फ्रिजवर चुंबकानं लागलं. पाणी प्यायला उठलं की समोर तेच. सून पायल तेवढी रात्री जेवताना म्हणाली, की दुभाजकाला आदळली तर बॉनेटला मधोमध पोचा कसा आला? विचारायचं म्हणून विचारलं बिचारीनं. रवी एकदम चिडला. "पप्पा खोटं बोलतात का कधी?" म्हणाला. श्रीपती मान खाली घालून भाकरी मोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन काशिमिऱ्याला बंटीच्या गॅरेजवर गेले. बंटी म्हणजे डेंटिंग-पेंटिंगवाला, अघळपघळ माणूस, सगळ्या जगाला अंकल म्हणणारा. श्रीपतींनी त्यालाही दुभाजकाची गोष्ट सांगितली. आता ती सांगायची सवय झाली होती, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. बंटीनं लोंबता बंपर हातानं खेचला आणि त्याच्या फटीतून केसांचा एक झुबका ओढून काढला. आखूड, तपकिरी, काही पांढरे. त्यानं तो झुबका बघितला, मग श्रीपतींकडे बघितलं, आणि हसला.

"टेन्शन मत लो अंकल," तो आवाज खाली आणून म्हणाला, "मैंने कुछ नहीं देखा."

आणि केस गटारात टाकून फडक्याला हात पुसले.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गिऱ्हाईक सांभाळायची त्याची रीत ती. इन्शुरन्सवाल्यालाही दुभाजकच सांगा, असंही त्यानं वर सुचवलं. इन्शुरन्सचा माणूस सोमवारी बघायला येणारच होता. पण श्रीपतींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात कुणी त्यांना आपल्यातला समजून असं डोळा मारल्यासारखं बोललं नव्हतं. आजपर्यंत लोक त्यांच्यासमोर पत्ते लपवायचे, दारूची बाटली लपवायचे. आज एका माणसानं त्यांच्यासाठी लपवलं होतं. त्यावर ते काय म्हणाले माहीत आहे? "थँक्यू" म्हणाले.

शुक्रवारी राहवेना म्हणून ते बसनं वरसाव्याला गेले आणि रस्त्याच्या कडेकडेनं चालत त्या जागी पोचले. हरीण नव्हतं. मातीत फरफटल्याची खूण होती आणि गवतात त्यांच्याच दिव्याच्या काचा पडलेल्या होत्या. परत येताना नाक्यावर चहाच्या टपरीशी ते थांबले. बुधवारी इकडे काही झालं होतं का, असं त्यांनी आडून विचारलं. टपरीवाला म्हणाला, हो ना, कुणीतरी हरणाला उडवून पळाला, ऊन चढल्यावर जंगलखात्याची गाडी आली आणि घेऊन गेली. उडवणाऱ्याला त्यानं एक सणसणीत शिवी हासडली. ऊन चढल्यावर. म्हणजे तोवर ते तिथेच पडून होतं. नेलं तेव्हा ते जिवंत होतं का, एवढंच विचारायचं होतं. प्रश्न अगदी ओठावर आला होता. श्रीपतींनी चहाचा ग्लास ठेवला आणि न विचारताच बस पकडली.

घरी आले तर विहाराचे अध्यक्ष दशरथराव सोफ्यावर बसलेले. चेहरा फुललेला. रविवारी वंदनेनंतर काकांचा सत्कार करायचा ठरलं होतं. भगवंतांनी पहिला उपदेश केला तो मृगदावात, हरणांच्या वनात. आपल्या विहारात धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंना हरणं बसलेली आहेत. आणि आपल्या बौद्धाचार्यांच्या हातूनच हरीण वाचावं, हा केवढा योग, असं ते भरभरून बोलत होते. श्रीपती नको नको म्हणाले. जितकं नको म्हणाले तितकं दशरथरावांना ते जास्त थोर वाटले. बघा, प्रसिद्धीचा सोस नाही माणसाला, असं ते वैजयंताबाईंना म्हणाले, आणि बाईंनी डोळ्याला पदर लावला.

रविवार उजाडला. विहार म्हणजे एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा हॉल, पण त्या दिवशी चपला ठेवायला जागा नव्हती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वैजयंताबाई ठेवणीतली पांढरी साडी नेसून पुढे बसल्या होत्या, शेजारी रवी आणि पायल, आणि मुलांच्या रांगेत सान्वी, फ्रिजवरचं चित्र मांडीवर घेऊन. टेबलावर पुष्पगुच्छ तयार होता. मूर्तीच्या वर प्लास्टरचं धम्मचक्र, आणि दोन्हीकडून त्याच्याकडे मान उंचावून बसलेली दोन हरणं. श्रीपतींनी वर बघायचं टाळलं.

त्यांनी मेणबत्ती लावली, त्रिसरण दिलं, आणि पंचशील सुरू केलं. ते एक ओळ म्हणत होते, हॉल त्यांच्यामागून म्हणत होता. पाणातिपाता वेरमणी. जीवहिंसेपासून दूर राहीन. ते निभावलं. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, ते थांबले. लोकांना वाटलं, कुणाचा तरी ण चुकला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. श्रीपती कुणाकडेच बघत नव्हते. हात जोडलेले, ओठ हलत होते, पण आवाज नाही. मग मुलांच्या रांगेतून सान्वीनं हळूच आठवण करून दिली.

"मुसावादा वेरमणी, आबा."

ण अगदी चोख. त्यांनीच शिकवलेला.

"ते वाचलं नाही," श्रीपती म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. दुभाजक नव्हताच. गाण्याचा आवाज वाढवत होतो, त्याला उडवलं, ते जिवंत होतं, माझ्याकडे बघत होतं, आणि मी काच वर करून पळून आलो. चार दिवस घरात खोटं बोललो, गॅरेजमध्ये बोललो, तुमच्यासमोर आत्तापर्यंत गप्प राहिलो. बोलताना त्यांनी एकदाही नाक पुसलं नाही, ते वाहत होतं तसंच वाहू दिलं. वैजयंताबाईंची मान खाली गेली ती गेलीच. सगळ्या विंगला त्यांनीच तर सांगितलं होतं. रवीनं पायलकडे बघितलं आणि मग नजर जमिनीकडे वळवली.

दशरथराव भला माणूस. त्यांनी पुढे होऊन श्रीपतींच्या खांद्यावर हात ठेवला. मारायचा हेतू नव्हता ना, मग झालं. धम्मात चेतना बघतात, मनात हेतू नसेल तर पहिलं शील मोडलं असं होत नाही, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावलं. चारदोन माना हलल्या.

"पहिल्याचं मी म्हणतच नाही दशरथराव," श्रीपती म्हणाले. "उडवलं ते हेतूनं नव्हतं. काच वर केली ती मी केली. वाचलं म्हणालो ते मी म्हणालो."

तेवढ्यात सान्वी उठून उभी राहिली, चित्र हातात घेऊन.

"आबा, मग ते मेलं का?"

"माहीत नाही, बाळा."

"तुम्ही विचारलं नाही?"

श्रीपतींनी मान हलवली. नाही. गेलो होतो, पण विचारलं नाही.

सान्वीनं चित्राची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, आणि खाली बसली.

उरलेलं शील आजच्या दिवस कुणीतरी दुसऱ्यानं द्यावं, असं सांगून श्रीपती पाठीमागे, चपलांच्या शेजारी, जिथे सतरंजी संपते तिथे जाऊन बसले. दशरथराव पुढे उभे राहिले. त्यांना काही सवय नव्हती. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "मुसावादा वेरमनी..."

वेरमनी. स्वच्छ चुकलं. हॉलमधल्या सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि सवयीनं सगळे थांबले. सान्वी तर मागे वळूनच बसली आणि आबांकडे बघू लागली, आता ते बाणाचा ण म्हणतील म्हणून. एकेक करून बाकीच्या मानाही वळल्या.

श्रीपतींनी हात जोडले, मान खाली घातली, आणि जसं कानावर पडलं तसंच म्हटलं.