प्रज्ञाचा कणा आणि माझं गणित

"हा स्कोलिओसिस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला वळणं. एक्स-रेवर दोन रेघा मारून त्यांनी मधला कोन मोजला. अठ्ठावीस अंश. याला कॉब अँगल म्हणतात.

माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेच्या ड्रेसमध्ये तिचा एक खांदा खाली दिसतो, हे माझ्या बायकोच्या, संगीताच्या लक्षात आलं होतं. दप्तराचं ओझं असेल, असं म्हणून मी विषय टाळला होता.

"ब्रेस लावू," डॉक्टर म्हणाले. काखेपासून कमरेपर्यंतचा कडक प्लास्टिकचा पट्टा, दिवसाचे अठरा तास. "वाढीचं वय आहे. वाकलेल्या मणक्याच्या ज्या बाजूवर दाब जास्त, तिथलं हाड कमी वाढतं. दुसरी बाजू वाढत राहते, म्हणून वाक वाढतो. ब्रेस तो दाब बदलतो."

आम्ही पिंपरीत राहतो. मी चाकणच्या एका कंपनीत आहे. प्रेसखाली पत्रा किती वाकेल, दाब काढल्यावर किती मागे फिरेल, हे कॉम्प्युटरवर आधीच काढून देणं माझं काम. म्हणून विचारलं, याचं गणित मांडता येतं का?

"वाढत्या हाडाची मॉडेल्स आहेत. पण अजून संशोधनात. तुमच्या मुलीचं पुढे काय होईल, हे मी त्यावरून सांगणार नाही."

मी ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशी बसून शोधनिबंध वाचले, एक्स-रेवरून मणक्यांची मापं घेतली, वाढीचा वेग आणि ब्रेसचा दाब गृहीत धरला. आलेखाची रेघ तीस अंशांजवळ आडवी झाली, म्हणजे वाक तिथेच थांबणार होता. कितीतरी दिवसांनी मला नीट झोप लागली.

सहा महिन्यांनी कोन एकोणचाळीस आला.

एक्स-रे विभागाबाहेरच्या बाकावरच मी प्रज्ञाला विचारलं, "शाळेत ब्रेस काढून ठेवतेस ना?"

"नाही, पप्पा."

"मग हे कसं झालं? खरं सांग."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. प्रज्ञा मान खाली घालून बसली.

डॉक्टरांनी तिची पाठ तपासली आणि मला जवळ बोलावलं. कमरेवर, बरगड्यांवर काळपट वळ होते. एके ठिकाणी कातडी सोलवटली होती. "हिने ब्रेस नीट वापरलाय. काही मुलांमध्ये तरीही वाक थांबत नाही. हिची उंची एकदम वाढलीय."

माझ्या गणितात मी वाढीचा वेग कायम एकच धरला होता.

"घामोळं उठलं तरी काढला नाही तिनं," घरी आल्यावर संगीता म्हणाली. "मी रोज बघत होते. तुम्ही तो आलेख बघत होतात."

पुढच्या वर्षी कोन बावन्नवर गेला. स्पायनल फ्युजन करायचं ठरलं, म्हणजे सळ्या आणि स्क्रू बसवून मणके सरळ करायचे आणि एकमेकांशी जोडून टाकायचे. मज्जारज्जूला इजा होण्याचा थोडा धोका असतो. तसं लिहिलेला संमतीचा कागद मी दोनदा वाचला आणि सही केली.

ऑपरेशन सात तास चाललं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "दोन्ही पाय हलवलेत तिनं." म्हणजे मज्जारज्जू शाबूत होता.

पाचव्या दिवशी मी प्रज्ञाची माफी मागितली. ती म्हणाली, "गणित तुमचं चुकलं होतं. तुम्ही गणितावर नाही चिडलात, पप्पा. माझ्यावर चिडलात."

आता ती शाळेत जाते. जोडलेला भाग वाकत नाही, खाली पडलेली वस्तू गुडघे वाकवून उचलते. त्या डॉक्टरांचे आणि ऑपरेशननंतर तिला पहिल्यांदा उभं करणाऱ्या सिस्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. ज्या आईबापांसमोर हा आजार आज आलाय, त्यांनी त्याबद्दल जरूर वाचावं, डॉक्टरांना प्रश्न विचारावेत. पण कोन वाढला म्हणून आधी मुलावर संशय घेऊ नये. मी घेतला, आणि ते अजून मिटलेलं नाही.

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो.

"रोज दुखतं," ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं.