रावसाहेबांच्या पासवर गेलेला माणूस

रावसाहेब तोरणे सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी वारले, असं कारखान्याच्या गेटवरून फोन आला तेव्हा कळलं. फोन त्यांच्या बायकोने, वेणूबाईने घेतला. तिच्या दुसऱ्या हातात ओली पट्टी होती, रावसाहेबांच्या कपाळावर ठेवायची.

"ते हितंच हायेत की," ती म्हणाली. "ताप हाय त्यांना."

पलीकडच्या माणसाने फोन ठेवला.

तळोज्याच्या त्या रसायन कारखान्यात टाक्या साफ करायला ठेकेदार उदयसिंह माणसं पुरवायचा. सगळ्यांचे फोटो लावलेले गेटपास संध्याकाळी त्याच्याकडे जमा होत. कुणी आजारी पडलं की तो तुर्भे नाक्यावर कामासाठी उभ्या असलेल्यांतून मिळेल तो माणूस उचलायचा आणि आजाऱ्याचा पास त्याच्या गळ्यात अडकवायचा. फोटो कुणी बघत नसे. त्या मंगळवारी टाकीत उतरलेला माणूस जिवंत वर आला नाही. प्रेत बेवारस म्हणून गेलं.

उदयसिंह रावसाहेबांच्या नावड्याच्या खोलीवर आला. "टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला. "तू जिवंत आहेस ना? मग झालं." आणि त्याने मेलेल्याच्या गळ्यातला तो पास परत दिला.

पुढे नवा पास मिळाला. जुना रावसाहेबांनी पत्र्याच्या पेटीत ठेवला. त्याची दोरी कितीदा धुतली, तरी तिचा टाकीतला गोडसर वास गेला नाही. फोटोतला माणूस दरवर्षी रावसाहेबांसारखा थोडा कमी दिसू लागला.

रावसाहेब जालन्याकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांच्याच रांगेत सिस्टर शर्मिला राहते, मठात न राहता, दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत. शुक्रवारी लोक तिच्याकडे जमतात. बायबलमधला उतारा वाचून झाला की ती विचारते, या आठवड्यात येशू कुठे दिसला?

"टँकरच्या रांगेत," वेणूबाई एकदा म्हणाली. "समद्यांनी त्याचा हंडा मागं ढकलला. म्या बी."

सगळे हसले. रावसाहेब हसले नाहीत. त्यांना तो त्या टाकीत दिसतो, हे सांगायची सोय नव्हती. खोलीतल्या निम्म्या पुरुषांचे पास उदयसिंहाच्या हातात होते.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी घराघरांतून नावांच्या चिठ्ठ्या येतात आणि प्रार्थनेत रावसाहेब त्या वाचतात. यंदा आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांनी सिस्टरला सगळं सांगितलं. नाव माहीत नसलं तर चालतं का, विचारलं.

"प्रार्थना होईल," ती म्हणाली. "पण रावसाहेब, तुम्हाला माहीत नाही म्हणजे त्याला नाव नव्हतं, असं नाही."

ते हे प्रार्थनेत सगळ्यांसमोर बोलणार, हे वेणूबाईला कळलं तेव्हा ती भांडी घासत होती. "बोला आन् बसा मग घरी," ती म्हणाली.

"त्या दिवशी घरीच बसलो होतो."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

रविवारी सिस्टरच्या खोलीत त्यांनी सतरा नावं वाचली. प्रत्येक नावानंतर लोक म्हणत होते, प्रभो, त्याला विसावा दे. मग त्यांनी वाचलं, "रावसाहेब तोरणे."

"चष्मा बदला, काका," मागून प्रितम म्हणाला. तोही उदयसिंहाकडेच कामाला होता.

रावसाहेबांनी खिशातून जुना पास काढला आणि टाकी, ताप, फोन, सगळं सांगितलं. "या नावानं मेला तो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही."

पुरुष फरशीकडे बघत राहिले. शेवटी वेणूबाईचा एकटीचा आवाज आला, "प्रभो, त्याला विसावा दे." प्रितमचे ओठ हलले.

सोमवारी सकाळी गेटवर पास वाटून झाले, तेवढ्यात रविवारची गोष्ट उदयसिंहाच्या कानावर गेली आणि त्याने रावसाहेबांपुढे हात केला. नवा पास त्याच्या हातावर ठेवून रावसाहेब तसेच तुर्भे नाक्यावर गेले. सहा वर्षांपूर्वी इथून तळोज्याला गेलेला आणि न परतलेला माणूस कोण, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण ते उभे राहताच कामाच्या आशेने दहा-बारा जणांनी त्यांना घेरलं.

"किती माणसं पाहिजेत, शेठ?"

रावसाहेबांच्या मुठीत जुन्या पासची दोरी होती.

"एक," ते म्हणाले.