कावेरीच्या नावाला आलेलं उत्तर

वेणूअक्का गेली असं तिच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी तुम्हाला पाठवायच्या पार्सलची यादी करत होते. मेतकूट, चकल्या, धाकट्याचा स्वेटर. फोन ठेवला आणि आधी यादी पुरी केली. हातातलं काम टाकून रडायला बसणं मला कधी जमलं नाही. आता महिना उलटून गेला. दर रविवारी फोनवर मी तुम्हा तिघांची नावं एकेक करून घेते, 'हो आजी' ऐकू आल्याशिवाय पुढच्या नावाकडे जात नाही, आणि तुम्ही हसता. ती सवय माझी नव्हे. कुणाची, ते लिहून ठेवते.

कानडी मुलखाचं एक राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. बेंगळूरच्या पेठेत मुलींची एक खासगी शाळा होती. बी.ए. होऊन मी तिथं इंग्रजी शिकवायला लागले. वेणूअक्का आमच्याच गल्लीतली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, गणित शिकवायची. तिची हजेरी सगळ्या शाळेत लांबलेली असायची. नाव घेतलं की ती मान वर करायची, मुलीचा चेहरा सापडेपर्यंत थांबायची, मगच खूण. मी एकदा चिडवलं, "अक्का, तुझी हजेरी संपेपर्यंत माझा तास सुरू होतो." ती म्हणाली, "नाव म्हणजे नुसता आवाज काय गं? माणूस दिसायला नको?"

त्या वर्षी पावसाळ्यात तिच्या वर्गातली कावेरी विषमज्वरानं गेली. शिंप्याची मुलगी, चौदा वर्षांची. अक्का तिच्या घरी जाऊन आली. दुसऱ्या दिवशी तिनं नाव खोडायला घेतलं तर शाळेचे सेक्रेटरी म्हणाले, "अक्का, स्वल्प सांभाळून घ्या. तपासणी होऊ दे, मग काय ते खोडा." कारण असं, की वरच्या वर्गांची मान्यता टिकवायची तर शिक्षण खात्याला ठराविक मुली हजर दिसायला हव्या होत्या, आणि आमच्याकडे तेवढ्या नव्हत्या. मान्यता गेली तर एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे मॅट्रिकच्या, मुलींना परीक्षेला बसता येणार नव्हतं. त्यांत माझी धाकटी बहीण होती, इंदू. आमच्या अप्पांनी तिला एवढं एकच वर्ष दिलं होतं. अक्कानं नाव पटावर तसंच राहू दिलं, आणि त्यापुढे रोज गैरहजर अशी खूण करत राहिली.

तपासणीच्या दिवशी सेक्रेटरींनी येलहंक्याहून नात्यातल्या मुली बसनं आणवल्या. असं बऱ्याच शाळा करत. कोणत्या मुलीनं कोणत्या नावाला 'प्रेझेंट' म्हणायचं, ती वाटणी माझ्याकडे होती, कारण माझं काम नीटनेटकं. मी हजेरीपट उघडला, गैरहजर नावं काढली, वय आणि उंची पाहून एकेका मुलीला एकेक नाव दिलं, आणि त्यांना सहज वाचता यावं म्हणून छापील अक्षरांत चिठ्ठ्या लिहून दिल्या. कावेरीचं नाव लिहिताना लक्षात आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले... लक्षात आलं होतं. एक मुलगी उंचीला बरोबर बसत होती.

इन्स्पेक्ट्रेसबाई वर्गाच्या दाराशी उभ्या राहिल्या. आम्ही बाकीच्या शिक्षिका भिंतीला लागून. अक्का नावं घेऊ लागली. पहिल्या परक्या मुलीनं उत्तर दिलं तेव्हा अक्कानं वर पाहिलं, थांबली, आणि खूण केली. अशा चार खुणा तिनं केल्या. तोवर तीही आमच्यातलीच होती. मग तिनं कावेरीचं नाव घेतलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "प्रेझेंट, मिस." अक्का पाहत राहिली. मुलगी घाबरली, तिला वाटलं ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "प्रेझेंट, मिस."

अक्कानं पेनाला टोपण लावलं. कानडीत म्हणाली, "मॅडम, ही कावेरी नाही. कावेरी वारली. मी तिला पाहिलंय."

इन्स्पेक्ट्रेसबाईंनी त्या मुलीच्या मुठीतून चिठ्ठी काढली. "हे कुणी लिहिलं?"

"ज्यांनी लिहिलं त्या इथंच आहेत," अक्का म्हणाली. "त्या सांगतील." आणि ती थांबली. हजेरीला थांबायची तशीच. मी खिडकीकडे पाहत उभी राहिले.

पुढे चौकशी झाली. प्रत्येकीला वेगळं बोलावलं. मला काही ठाऊक नाही असं मी चांगल्या इंग्रजीत सांगितलं, आणि छापील अक्षरं कुणाचीही असू शकतात, असंही. कावेरीच्या वडिलांनाही साक्षीला आणलं होतं. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला विचारलं, "बाई, पोरीचं नाव रोज घेत होता काय शाळेत?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "कुणी उत्तर दिलं म्हणे," ते म्हणाले, आणि टोपी सारखी करून उतरून गेले.

मान्यता गेली. अक्काला त्याआधीच काढलं होतं. त्या वर्षी कुणीच परीक्षेला बसलं नाही. अक्का दारोदार फिरली, बाहेरून बसायचे फॉर्म आणले, स्वतःच्या ओसरीवर वर्ग घेतला. पुढच्या वर्षी काही मुली बसल्या. तोवर इंदूचं होसूरला लग्न होऊन गेलं होतं. मी गल्लीभर सांगत सुटले की वेणूअक्कानं माझ्या बहिणीचं वाटोळं केलं. लोकांना ते पटलं. अकरा वर्षं मी तिची पायरी चढले नाही. मग एका लग्नात तिनंच माझ्या पानाशेजारी पाट ओढला आणि म्हणाली, "वाढायला उशीर आहे, बस जरा." तेव्हापासून येणं-जाणं सुरू झालं. त्या दिवसाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

शेवटचं भेटले ते ती जायच्या दोन महिने आधी. डोळे गेले होते. दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेली. पाऊल ओळखून म्हणाली, "सुशीला."

"आले, अक्का."

ती थांबून राहिली, चेहरा माझ्याकडे करून. मी इंदूच्या गुडघ्यांविषयी बोलले, तुमच्याविषयी बोलले. तिनं सगळं ऐकलं. निघताना म्हणाली, "सरी, बरं. परत ये."

बाराव्याला गेले. खुर्ची तिथंच होती. मी समोर बसले, घरात माणसं पुष्कळ होती, पण नाव घेणारं कुणी नव्हतं... येत्या रविवारी मी तुमची तिन्ही नावं घेईन. मग तुमच्यापैकी एकानं माझं घ्या. आजी नको, नुसतं सुशीला. आणि थांबा. मला थोडा वेळ लागेल.