काकांची पवित्र झोपडी

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात मी नगरहून मावसबहिणीच्या, रूथच्या लग्नाला निघाले. वर्ध्याला उतरून देवळीची एस.टी. धरली. दोन्ही बाजूंना फुटलेल्या कापसाची पांढरीशुभ्र वावरं (शेतं). शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कोन्या गावच्या तुमी?" नगर म्हणताच "बापा, लय दूर!" म्हणत त्यांनी बोरांची ओंजळ माझ्या पदरात रिकामी केली.

देवळीच्या अलीकडच्या एका फाट्यावर मावशी उभीच होती. घरी पोचताच तिनं पान वाढलं: पाटोड्यांची (बेसनाच्या वड्यांची) झणझणीत भाजी आणि ज्वारीची भाकर.

"सांभार टाकू का वरून?"

"नको गं. भाकरीवर सांबार कसं लागेल?"

मावशी हसून हसून खाली बसली. सांभार म्हणजे कोथिंबीर! पण काका कुठे आहेत विचारलं, तशी ती उठून चुलीकडे वळली.

"तुये काका पवित्र झाले," ती म्हणाली.

दिवाळीनंतर योहानकाका वर्ध्याला प्रार्थनासभेला गेले होते. ख्रिस्ती माणसानं पवित्र जगावं, जगापासून वेगळं व्हावं, असं तिथं ऐकलं आणि परत आल्यावर वावरातल्या झोपडीत बिऱ्हाड केलं. बँड, पंगत, गर्दी हा सगळा संसाराचा मोह. लग्नालाही येणार नव्हते. तांदूळ निवडणाऱ्या रूथचे डोळे सुजले होते. "ताई, तू सांगून पाह्य ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन वावरात गेले. पांढरंशुभ्र धोतर नेसलेले काका खाटेवर बसले होते.

"ये पोरी. पन डबा वापस ने. उपास आहे."

मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, तेव्हा उत्तर तयारच होतं. "काका, प्रभू येशूसुद्धा काना गावच्या लग्नाला गेला होता!"

"तो देवाचा पुत्र होता. मी योहान आहो," काका शांतपणे म्हणाले. "लोकांत गेलो का मले राग येते, तोंडातून शिव्या निघते. इथं आल्यापासून एक नाई निघाली."

मी डबा खाटेच्या पायाशी ठेवला.

तेवढ्यात नाल्याकडून आरडाओरडा ऐकू आला. शेजारच्या वामनरावांची कापसानं भरलेली बंडी (बैलगाडी) चिखलात कलली होती. वर कापसाच्या ढिगावर त्यांची बायको, अनसूयाबाई, "मेली वो मेली!" करत होत्या. काकांनी धोतराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते धावत सुटले. गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी चाकाला खांदा दिला. बैल जागचे हलेनात. शेवटी काकांच्या तोंडून एक अस्सल वऱ्हाडी शिवी निघाली. बैलांनी हिसका दिला, बंडी बाहेर आली आणि काका चिखलात उताणे!

मग अनसूयाबाई फिसकन हसल्या, आणि पाठोपाठ खुद्द काका.

वामनरावांनी त्यांना बंडीतून घरी आणलं. मावशीनं अंगणात ऊन पाणी काढलं.

"शिवी निघाली वो," काका खाली मान घालून म्हणाले. "गेलं सारं पवित्रपन."

मावशी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली. "बियानं आपन वेगळं काढून ठेवतो. ते काय मडक्यातच ठेवाले? पेराले ठेवतो ना?"

पाणी निथळून गेलं, तेव्हा काकांनी हाक मारली, "रूथ, बँडवाल्याले सांगतलं का वो?"

लग्नात काकांनीच तिचा हात नवऱ्याच्या हाती दिला. बँड भयंकर बेसूर होता. काकांचे ओठ हलताना मी दोनदा पाहिले, पण बाहेर काही आलं नाही. पंगतीत वामनरावांना ते आग्रह करकरून वाढत होते.

वर्ध्याच्या स्टेशनावर मला पोचवायला काकाच आले. गाडी लागल्यावर मी विचारलं, "झोपडीची आठवण येते का?"

"सकायी जातो ना प्रार्थनेले. मंग वापस येतो." ते हसले. "तिथं पवित्र राह्यनं सोपं होतं पोरी. कोनी नोतंच ना तिथं! आता रोज कठीण आहे. येजो पुन्हा."

गाडी हलली. मी खिडकीशी ऐसपैस बसले होते. नगरला रविवारी चर्चमध्ये मीही मोठी पवित्र असते. धामणगावला एक बाई ट्रंक, कोंबडी आणि रडकं पोर घेऊन चढली नि माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी एक दीर्घ श्वास घेतला आणि सरकले.