मिसाओताईचं लाल नाव

मिसाओताईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाठीवर मातीची टोपली घेऊन शेत चढत होती. मी नवी नवरी, डोंगरापलीकडून आलेली. मला वाटलं, या बाईला कसली तरी शिक्षा झालीय. आमच्या सुगेदानीच्या दरीत शेतं इतकी उभी आहेत की वर्षभरात वरची माती घसरून खालच्या बांधाला येते, आणि वसंतात पेरणीआधी ती पुन्हा वर नेऊन टाकावी लागते. देवाने आम्हाला जमीन दिली ती भिंतीला टांगून दिली. मी बघत उभी राहिले तशी ती म्हणाली, "बघतेस काय? तुझ्या सासूने तुझीही टोपली विणून ठेवलीय." खरंच ठेवली होती.

तेव्हा तिचा नवरा जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कानेयोशी जंगलतोडीवर होता. एक ओंडका सुटला आणि तो त्याखाली गेला. बाप गेला तेव्हा मुलगा शूजी रांगत होता. मिसाओताईने तिशीही गाठली नव्हती आणि कामाला ती दोन पुरुषांना ऐकायची नाही, त्यामुळे स्थळं यायला लागली. बिनपगारी गडी कुणाला नको असतो?

आमच्याकडे ज्या दगडाखाली नवऱ्याच्या अस्थी ठेवतात, त्यावर त्याच्या नावाशेजारी बायकोचं नावही कोरून ठेवायची रीत आहे. ती जिवंत असेपर्यंत त्या अक्षरांत लाल रंग असतो. ती गेली की रंग खरवडून टाकायचा. बहुतेक बायका हे काम म्हातारपणी उरकतात. मिसाओताईने वर्षश्राद्धालाच उरकलं. जुळवाजुळव करणारी बाई पुन्हा आली तेव्हा तिला चहा न देता थेट दगडापाशी नेलं आणि म्हणाली, "वाचता येतं ना? जागा भरलीय." त्यानंतर कुणी आलं नाही.

पुढचं आयुष्य मी शेजारून पाहिलं. शेतात बाजरी, चहा आणि आमचे ते सुपारीसारखे टणक बटाटे. शेतातलं काम नसेल तेव्हा ती रस्त्याच्या कामावर खडी वाहायची. दरीतून आमच्या वाडीपर्यंत येणारा डांबरी रस्ता आहे ना, त्याच्या निम्म्या वळणांखाली तिच्या पाठीवरची खडी आहे. त्याच रस्त्याने शूजी शिकायला खाली गेला, मग ओसाकाला गेला, आणि आमची सगळ्यांचीच मुलं गेली. रस्ता झाला की माणसं येतील असं आम्हाला सांगितलं होतं. रस्ता दोन्हीकडे जातो हे कुणी सांगितलं नाही.

दरवर्षी शरदात ती रंगाची लहानशी बाटली आणि बारीक कुंचला घेऊन दगडापाशी जायची आणि आपलं नाव ताजं करायची. मी चिडवायचे, "ताई, नटून कुणाला दाखवतेस?" ती म्हणायची, "ज्याच्याशेजारी झोपायचंय त्याला." तिने आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. नवीन घर नाही, प्रवास नाही, मुलाकडे राहणं तर नाहीच. फक्त ती जागा.

दोन वर्षांपूर्वी ती अंगणात पडली आणि शूजीने तिला दरीच्या तोंडाशी असलेल्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे रंगीत कागदाची फुलं करायला लावतात. ज्या हातांनी डोंगर वर नेला त्यांना आता कागद दुमडायला शिकवत होते. गेल्या शरदात तिने तिथे काम करणाऱ्या मुलींच्या मागे धोशा लावला, वर जायचंय, दगडापाशी जायचंय. मुलींनी कंटाळून शूजीला फोन केला. शूजीने सांगितलं, "येतो. सगळे मिळून एक दिवस दरीत फिरू."

मिसाओताईने मला फोन केला. "सुए, तूही ये. वेलींच्या पुलापाशी थांब, तिथून गाडीत घेऊ." आवाज लग्नाला निघालेल्या पोरीसारखा.

मी आमच्या त्या रस्त्यानेच खाली आले. गाडीचं दार सरकलं आणि मला बघून शूजीचा चेहरा पडला. शेजारी त्याची बायको रेइको, मागे मुलगी नागिसा, सतरा-अठराची, मान फोनमध्ये. मिसाओताईने मांडीवर पिशवी धरली होती. मी बसताच तिने पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत शिकिमीची हिरवी डहाळी, थडग्यावर वाहायची, आणि तिच्याशेजारी लाल रंगाची बाटली.

तिला काहीच सांगितलेलं नाही हे मला तेव्हा कळलं. तो दगड आता वर नव्हताच. वसंतातच शूजीने मठाच्या गुरुजींना बोलावलं होतं. त्यांनी मंत्र म्हणून दगडातून जीव काढून घेतला, मग गवंड्यांनी दगड यंत्राने उचलला आणि जागा सपाट करून दिली. मी तिथे हात जोडून उभी होते. मी विचारलंही होतं, "आईला ठाऊक आहे ना?" शूजी म्हणाला होता, "आईच म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मी मान डोलावली. कोण कुणाच्या घरातलं विचारतं?

त्यानंतर मी तीनदा वृद्धाश्रमात जाऊन आले. जखमेवर बोट नको म्हणून मी दगडाचं नाव काढलं नाही. माकडांनी फळं खाल्ली, पाऊस कमी झाला, असलं काहीबाही बोलले. आणि तिने का विचारलं नाही? ते तिने गाडीतच सांगितलं. "दगडापाशी गवत काढतेस ना, असं विचारलं तर तुला वाटेल मी कामाची आठवण करून देतेय. म्हणून गप्प बसले." एकमेकींना जपत जपत आम्ही दोघींनी शूजीचं काम सोपं केलं. आमच्या दरीत माणसं भांडून मरत नाहीत, सभ्यपणाने मरतात.

वेलींच्या पुलावर नागिसाने फोटो काढले. फळ्यांच्या फटींतून खाली नदी दिसते, शहरी लोक त्या भीतीचं तिकीट काढतात. मिसाओताई म्हणाली, "मी नवरी म्हणून याच पुलावरून आले. तेव्हा तिकीट नव्हतं, भीती फुकट होती."

"आजी, तू रडली होतीस?" नागिसाने विचारलं.

"रडायला हात मोकळे कुठे होते? दोन्ही हातांनी पूल धरला होता."

मग ती म्हणाली, "आता वर जाऊ या." शूजी म्हणाला, "जाऊ, आधी जेवू." जेवलो. काडीला टोचून सोयाबीनचा खारट मिसो लावून भाजलेले बटाटे, गरम शेवया. बाजूच्या टेबलावर पाहुणे त्या बटाट्यांचं कौतुक करत होते. ती पुन्हा म्हणाली, "आता वर." रेइको म्हणाली, "आई, आधी गरम झऱ्याच्या कुंडात पाय सोडा, बरं वाटेल तुम्हाला." सोडले. मग भेटवस्तूंचं दुकान. मला त्यांचा बेत कळला. म्हातारीला दमवायची, अंधार पाडायचा आणि परत नेऊन सोडायची.

दुकानामागे मी शूजीला गाठलं. "तू तिला सांगितलंच नाहीस."

"काकू, कसं सांगणार? तिचं वय बघा."

"म्हणून मला खोटं सांगितलंस?"

"तुम्ही लगेच तिला कळवलं असतं."

"कळवलंच असतं. अस्थी कुठे आहेत?"

"ओसाकाच्या मोठ्या मठात. रोज पूजा होते. तेहतीस वर्षं उलटली की माणूस सगळ्या पितरांत मिसळतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? मग बाबांना तिथल्या सामाईक जागेत ठेवलं. सगळ्यांबरोबर."

"मिसळून?"

तो खिशात गाडीची किल्ली शोधू लागला.

"मग आता तिला त्याच्याशेजारी कसं ठेवणार? शेजार उरला कुठे?"

"तेव्हाचं तेव्हा बघू, काकू. दर वर्षी इतक्या लांब कोण येणार गवत काढायला? माझ्यानंतर नागिसा येणार आहे का?" त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

गाडीत बसलो. मिसाओताई शांतपणे म्हणाली, "आता मी कुठेही उतरणार नाही. वर चल."

शूजीने आरशात न बघता सांगितलं, "आई, वरचा रस्ता बंद आहे. दरड कोसळलीय."

ती वळून माझ्याकडे बघू लागली. रेइकोचे डोळे आरशातून माझ्यावर होते. गप्प राहिले असते तर त्या रात्री ती दगड आहे असं समजून झोपली असती, आणि कदाचित मरेपर्यंत तसंच समजत राहिली असती. हे सगळं मला तेव्हा सुचलं असं नाही. पण तिने स्वतःच्या पाठीवर बांधलेला रस्ता तिलाच बंद आहे म्हणून सांगायचा, हे मला सोसलं नाही.

"मी सकाळी त्याच रस्त्याने आले," मी म्हणाले.

"ऐकलंस?" ती शूजीला म्हणाली. "चल."

गाडी वर चढू लागली. मी तिला वाटेत सांगायला हवं होतं, पण शब्द कुठून आणायचे? वाडीत उतरून नागिसाने तिचा हात धरला. घरांच्या मागे चहाची झुडपं, त्यापलीकडे दगडांची ओळ. मिसाओताई थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. तिला वाटलं आपणच चुकलो.

"हा सुएच्या घरचा," ती माझ्या नवऱ्याच्या दगडाला हात लावून म्हणाली. "याच्यापुढे आमचा." पुढे सपाट केलेली माती होती आणि त्यावर पांढरी वाळू.

शूजीने गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. "आई, चुकलो." आमच्याकडे हे फार छान जमतं. कपाळ टेकवलं की समोरच्याला ओरडता येत नाही.

"कानेयोशी कुठाय?"

"ओसाकात आहेत बाबा. मोठा मठ आहे. सगळ्यांबरोबर..."

"सगळ्यांबरोबर म्हणजे?"

शूजी उठून गुडघ्यांवरची वाळू झटकू लागला. नागिसानेच सांगितलं. "एकाच खड्ड्यात, आजी. हजारो लोकांची हाडं एकत्र करतात."

मिसाओताईने वाकून वाळूला हात लावला. "त्याला गर्दी सोसायची नाही," ती म्हणाली. "सणाला पाहुणे आले तरी मागच्या दाराने पळायचा." मग मला विचारलं, "आणि माझं नाव?"

"दगड फोडायला नेला, ताई. खडी करतात त्याची."

"म्हणजे रस्त्यात घालतात." तिने मान हलवली. "आयुष्यभर वाहिली ती वाहिली, आता मीच खडी." आणि शूजीकडे वळून म्हणाली, "मग मला कुठे ठेवणार?"

रेइको घाईने पुढे आली. "असं अभद्र काय बोलता, आई? तुम्ही शंभरी गाठणार बघा."

"मी वय नाही विचारलं, सूनबाई. जागा विचारली."

तिने पिशवी उघडली. तिने डहाळी माझ्या नवऱ्याच्या दगडापुढे ठेवली, कारण दुसरीकडे ठेवायला दगड नव्हता. लाल बाटली माझ्या हातात दिली. माझंही नाव तिथे लाल अक्षरांत आहे, पावसाने उडालेलं. "तुझं फिकं झालंय, सुए," एवढंच म्हणाली आणि नागिसाचा हात धरून गाडीकडे गेली.

आता वृद्धाश्रमातल्या मुली खूश आहेत. आजी शांत झाल्या म्हणतात, वर जायचं नाव काढत नाहीत, कागदाची फुलं छान करतात. मी जाते तेव्हा ती माझ्याशी माकडांबद्दल बोलते. दगडाचा विषय आम्ही काढत नाही.

बर्फ वितळल्यावर मी माझं नाव रंगवून घेतलं. ती बाटली अजून अर्धी आहे. परवा नागोयाहून माझ्या मुलाचा फोन आला. कधी नव्हे तो गोड आवाज. "आई, शरदात सगळे येतो. एक दिवस दरीत फिरू."

"फिरू की," मी म्हणाले. "पण आधी सांग, दगड कधी हलवतोयस?"

त्याच्या आवाजातला गोडवा एकदम उतरला. मग तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"